जाळे, तंबू आणि घरचा फ्रीझर : केनाय नदीच्या मुखावरची सॅमन मासेमारी

शेवंती_अँकरेज :

दरवर्षी जुलै उजाडला की आमच्या अँकरेजच्या घरातील गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले, पाच फूट व्यासाच्या कड्याचे जाळे खाली उतरते आणि घरातील सगळी बोलणी भरती-ओहोटीच्या वेळांभोवती फिरू लागतात. येथून सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला केनाय नावाची नदी कुक इन्लेट या आखाताला मिळते, आणि १० जुलै ते ३१ जुलै या तीन आठवड्यांत तिच्या मुखाशी अलास्कातील रहिवाशांना लांब दांड्याच्या जाळ्याने सॅमन पकडण्याची मुभा असते. हा गळाने मासे पकडण्याचा छंद नव्हे, आणि व्यापार तर नव्हेच, कारण या माशांचा एक तुकडादेखील विकता येत नाही. घरातल्या माणसांनी घरच्यांसाठी वर्षाची बेगमी करावी, एवढाच या परवानगीचा अर्थ आहे. आम्ही २०१९ पासून मुलांना घेऊन तेथे तंबू ठोकत आलो आहोत. यंदा काही मराठी कुटुंबे पहिल्यांदाच जाणार असल्याचे कळले, म्हणून आमचा अनुभव आणि आमच्या हातून झालेली एक मोठी चूक येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी हिशेब सांगते, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. परवाना माणसाला नव्हे, कुटुंबाला मिळतो. कुटुंबप्रमुखाचे २५ मासे आणि घरातील प्रत्येक पुढच्या सदस्याचे १०, अशी वर्षाची मर्यादा असते. आम्ही चौघे आहोत, म्हणजे आमच्या वाट्याला ५५ मासे येतात. येथे प्रामुख्याने मिळणाऱ्या सॉकाय जातीच्या सॅमनला, ज्याला येथील लोक नुसते 'रेड' म्हणतात, सरासरी अडीच ते तीन किलो वजन असते. ५५ मासे म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास मासळी झाली. पहिल्या वर्षी कागदावर हा आकडा वाचून आम्हांला केवळ आनंद झाला, आणि तेवढे मासे कापायला किती हात लागतील, हा विचार आमच्या मनाला शिवलादेखील नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा येथील जुन्या माणसांनाही नवा होता. ४ जुलैला अँकरेजच्या तापमानाने ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश सेल्सिअस गाठले, जे येथील नोंदी सुरू झाल्यापासून कधी झाले नव्हते. पुढच्या आठवड्यांतही उष्मा फारसा उतरला नाही. आम्ही शनिवारी पहाटे निघालो, दुपारच्या भरतीला पाण्यात उतरलो, आणि सुदैवाने म्हणा किंवा दुर्दैवाने, मासे अक्षरशः जाळ्यावर आदळत होते. संध्याकाळपर्यंत ४३ मासे झाले. आमच्याकडे दोन शीतपेट्या आणि चार पिशव्या बर्फ होता. गावातील दुकानांचा बर्फ दुपारीच संपला होता. मुले थकून झोपली, नवऱ्याच्या हाताला सुरी लागली, आणि मी एकटी रात्री एकपर्यंत उजेड पुरेल तसे मासे कापत बसले. सकाळी पेटीच्या तळाच्या अकरा माशांना वास येत होता. नदीतून समुद्रात गेलेले, दोन-तीन वर्षे तेथे वाढून पुन्हा आपल्या जन्माच्या पाण्याकडे निघालेले ते अकरा मासे आमच्या हावरेपणामुळे वाया गेले, आणि ते पुन्हा पाण्यात टाकताना माझ्या थोरल्या मुलीने विचारलेला "मग आपण पकडले कशाला?" हा प्रश्न मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. जाळे पाण्यात जाण्याआधी आकडा ठरतो. आठवड्यातून एकदा मासे, एका वेळेला एक फिले, म्हणजे माशाची काटा काढलेली एक बाजू, म्हणून वर्षाला सव्वीस मासे, आणि देण्याघेण्यासाठी चार, असे तीस. तीस झाले की भरती कितीही चांगली असली तरी जाळे धुऊन गाडीवर बांधायचे. यातही एका भरतीला पंधरापेक्षा जास्त नाही, कारण दोन मोठ्या माणसांना आणि दोन मुलांना पुढच्या भरतीपर्यंत पंधराच मासे नीट साफ करता येतात.

आता जागेविषयी. नदीच्या मुखाच्या दोन्ही अंगांना वाळूचे किनारे आहेत आणि नगरपालिका गाडी लावण्याचे व तंबूचे शुल्क घेते. तंबू उधाणाच्या रेषेच्या वर असावा, आणि गवताच्या वाळूच्या टेकड्यांवर पाय टाकू नये, कारण ते गवतच किनारा धरून ठेवते. तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, म्हणून आम्ही कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या दोरीला बांधून पुरतो. जुलैच्या मध्याला सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, त्यामुळे लहान मुलांना झोपवायला डोळ्यांवर बांधायची पट्टी उपयोगी पडते. आकाश स्वच्छ असेल तर आखातापलीकडे रिडाउट आणि इलियाम्ना हे दोन बर्फाच्छादित ज्वालामुखी दिसतात आणि मागच्या कड्यावर रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे निळे घुमट. मासे नसले तरी त्या दृश्यासाठी मी जाईन.

पकडण्याची रीत वाटते तेवढी सोपी नाही. छातीपर्यंतचे जलरोधक वेडर, म्हणजे बुटांसकट असलेली विजार घालून, कमरेला पट्टा घट्ट आवळून पाण्यात उभे राहायचे, कडे उभे धरून त्याची खालची बाजू वाळूला टेकवायची आणि स्वस्थ राहायचे. हिमनद्यांचा गाळ आणि आखाताचा चिखल मिसळून पाणी राखाडी झालेले असते, त्यामुळे माशाला जाळे दिसत नाही, आणि त्यावरच ही पद्धत उभी आहे. मासा आदळला की दांड्यातून हाताला धक्का जाणवतो. त्या क्षणी दांडा पाव वळसा फिरवायचा, म्हणजे जाळ्याची पिशवी कड्यावर दुमडते, आणि मग तोंड किनाऱ्याकडे करून, मागे न पाहता, जाळे ओढत चालत सुटायचे. थांबून डोकावणाऱ्याचा मासा हमखास जातो.

मासा वाळूवर आला की डोक्यात सोट्याचा एकच नेमका घाव घालावा, लगेच कल्ल्यांशी कापून त्याला बादलीतल्या पाण्यात रक्त सोडू द्यावे, आणि मग बर्फात ठेवावा. माशाच्या वजनाएवढा तरी बर्फ हवा. शेपटीच्या पराची दोन्ही टोके कात्रीने छाटणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण त्या खुणेमुळे हा मासा बाजारात जाऊ शकत नाही. मासा पेटीत झाकण्याआधी ही टोके छाटायची आणि परवान्याच्या कागदावर नोंद तेथल्या तेथे करायची. हे काम आमची धाकटी करते, आणि तिच्या नजरेतून एकही मासा सुटलेला नाही.

मालवणी_मेवा :

शेवंतीताई, लेख वाचताना मला आमच्या किनाऱ्यावरच्या रापणीची आठवण झाली, जरी दोन्हींत मोठा फरक आहे. रापण शंभर माणसांनी ओढायची आणि दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळायचा, अशी आमची रीत होती. तुमच्याकडे प्रत्येक कुटुंब आपले जाळे घेऊन एकेकटे उभे राहते असे दिसते. दोन प्रश्न आहेत. जाळ्याच्या आसाचे, म्हणजे एका छिद्राच्या मापाचे, काही बंधन आहे का? आणि दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. आमच्याकडे पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे लोक बत्त्या घेऊन रात्रभर मारतात, पोटात गाबोळी, म्हणजे अंडी भरलेली असताना मारतात, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत चढण ओसरली आहे. मग तुमच्याकडे तेच करणे चुकीचे कसे नाही?

शेवंती_अँकरेज :

तुमचा दुसरा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. माझे बालपण अलिबाग तालुक्यात गेले, तेथे आम्ही चढणीला वलगण म्हणतो. भाताच्या खाचरांतून पाणी वाहू लागले की आजोबा पाग, म्हणजे फेकायचे जाळे, खांद्यावर टाकून निघत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत गाबोळीचा वास असे. त्या वेळी कोणी मोजत नव्हते. केनायला आणि आमच्या वलगणीला वेगळे करणारी गोष्ट ही मोजणीच आहे.

नदीच्या मुखापासून एकोणीस मैल वर मत्स्य खात्याने ध्वनिलहरींनी मासे मोजणारे सोनार यंत्र बसवले आहे. मुखाशी लागलेली जाळी आणि व्यापारी बोटी यांतून सुटून वर किती मासे गेले, तो आकडा रोज जाहीर होतो. अंडी घालण्यासाठी किती मासे पोहोचले पाहिजेत, याचे लक्ष्य लाखांत ठरलेले असते. मासे कमी येत असतील तर खाते हंगामाच्या मध्यातच वेळ कमी करते किंवा मासेमारी बंद करते, आणि भरपूर येत असतील तर सकाळी सहा ते रात्री अकरा ही नेहमीची वेळ वाढवून चोवीस तास खुली करते. त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी खात्याची ताजी सूचना वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

दुसरा फरक माशाच्या आयुष्याचा आहे. वलगणीचे पुष्कळसे मासे अंडी घालून पुन्हा खाली येतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर चढतात. सॉकाय एकदाच चढतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणे सोडतो, चंदेरी अंग लालभडक होते, डोके हिरवे पडते, आणि अंडी घातली की तो मरतो. त्याच्या कुजलेल्या शरीरातून जे सत्त्व नदीला मिळते, त्यावर वरच्या तळ्यांतील किडेमुंग्यांपासून अस्वलांपर्यंत सगळे जगतात. म्हणून तो वर पोहोचणे महत्त्वाचे आहेच, फक्त किती पोहोचावेत हे माहीत असल्यामुळे उरलेल्यांतले काही घेता येतात. मोजणी नसती, तर मी तुमच्याशी पूर्ण सहमत झाले असते आणि जाळे विकून टाकले असते.

किंग या सॅमनच्या सर्वांत मोठ्या जातीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. याच नदीत १९८५ साली लेस अँडरसन यांनी गळाने ९७ पौंड ४ औंसांचा किंग पकडला होता, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. आज तेथे किंगची संख्या इतकी घटली आहे की अलीकडच्या वर्षांत जाळ्यात आलेला किंग ठेवता येत नाही. त्याला पाण्याबाहेर न काढता, जाळे पाण्यातच उलटे करून सोडावे लागते. मुलांना किंग आणि रेड यांतील फरक घरीच चित्रे दाखवून शिकवा. किंगच्या पाठीवर आणि शेपटीच्या दोन्ही भागांवर काळे ठिपके असतात व हिरड्या काळ्या असतात.

आसाचे बंधन आहे. ताणून मोजल्यावर आस साडेचार इंचांपेक्षा मोठा नसावा, कड्याची कोणतीही दोन टोके पाच फुटांपेक्षा दूर नसावीत, आणि पिशवीची खोली कड्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी नसावी.

नवखी_अँ :

ताई, आम्ही अँकरेजला येऊन चौदा महिने झाले. दोन मुले आहेत, सात आणि अकरा वर्षांची. माझे सासू-सासरे नाशिकहून जुलैत येत आहेत आणि सासऱ्यांना गोदावरीत गळ टाकण्याची लहानपणापासून आवड आहे. त्यांना जाळे धरता येईल का? मुलांना पाण्यात नेणे सुरक्षित आहे का?

शेवंती_अँकरेज :

सासऱ्यांना जाळे धरता येणार नाही, आणि हे त्यांना येथे येण्याआधीच सांगा, म्हणजे किनाऱ्यावर गेल्यावर त्यांचा विरस होणार नाही. सलग बारा महिने अलास्कात घर करून राहिलेल्या रहिवाशांनाच ही परवानगी आहे. पाहुण्यांनी जाळ्याला, किंवा जाळ्यातला मासा मारायला वा काढायलाही हात लावू नये. माझे वडील आले होते तेव्हा ते खुर्ची टाकून शेजाऱ्यांचे मासे मोजत बसले, आणि तंबूत माझी आई सगळ्यांसाठी भात-आमटी करत होती. सासऱ्यांना गळाची हौस असेल तर पाहुण्यांसाठी गळाचा वेगळा परवाना मिळतो आणि तो वेगळ्या नियमांनी चालतो.

तुम्हा दोघांना मात्र गळाच्या मासेमारीचा वार्षिक परवाना आणि शिवाय कुटुंबाचा जाळ्याचा परवाना, असे दोन्ही लागतील. अठरा वर्षांखालील मुलांना पहिला लागत नाही, पण त्यांची नावे कुटुंबाच्या परवान्यावर घाला.

सात वर्षांच्या मुलाला मी पाण्यात नेणार नाही. पाणी बर्फासारखे गार असते, प्रवाह दोन्ही दिशांना ओढतो आणि शेजारून बोटी गेल्या की लाट येते. कुक इन्लेटची भरती सहा मीटरच्या आसपास चढते, म्हणजे मुंबईच्या पावसाळी उधाणापेक्षाही जास्त, आणि ती सपाट वाळूवर पाहता पाहता पायाखाली येते. अकरा वर्षांच्या मुलीला जीवरक्षक जाकीट घालून गुडघाभर पाण्यात, मोठ्या माणसाच्या हाताशी, मासा ओढायला घ्यावे. वेडरमध्ये पाणी शिरले तर उठता येत नाही, म्हणून कमरेचा पट्टा मोठ्यांनीही कधी सैल ठेवू नये.

फेअरबँक्सकर :

आमच्यासारख्या उत्तरेकडच्या लोकांना केनाय फार दूर पडते, त्यामुळे आम्ही चिटिना गावाजवळ कॉपर नदीवर जातो. मासेमारीची मर्यादा तीच आहे, पण मुलांना घेऊन जाणाऱ्या कोणालाही मी तेथे पाठवणार नाही. कॉपर नदी खडकाळ दरीतून धावते, पाणी गाळाने इतके दाट असते की हात घातला तर बोटे दिसत नाहीत, आणि कड्यावर उभे राहणारे लोक स्वतःला दोराने खडकाला बांधून घेतात. पडलेला माणूस तेथे क्वचितच हाती लागतो. मासा मात्र अप्रतिम असतो. पुढे लांबचा, चढाचा प्रवास करायचा असल्यामुळे कॉपर नदीच्या सॅमनच्या अंगात चरबी जास्त असते, आणि ती चव एकदा जिभेला लागली की दुसरी गोड लागत नाही. आम्ही मुले मोठी होईपर्यंत घरी ठेवली आणि मगच नेली.

खाडीवरचा :

मी सोल्डॉटनाला, म्हणजे नदीकाठीच राहतो, आणि शेवंतीताईंच्या तीसच्या आकड्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. खात्याने ५५ ठरवले आहेत ते विचार करूनच. वर जाणारे मासे लक्ष्यापेक्षा फार जास्त झाले तर पुढच्या पिढीच्या पिल्लांना तळ्यात खाणे अपुरे पडते, असे येथील जीवशास्त्रज्ञ सांगतात. मी माझी मर्यादा दरवर्षी पूर्ण करतो आणि त्यातला अर्धा भाग शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना देतो, ज्यांना आता पाण्यात उतरता येत नाही. विकणे गुन्हा आहे, वाटणे नव्हे. शिवाय ६५ वर्षांवरील रहिवाशांच्या परवान्यावर त्यांच्या वतीने दुसऱ्याने मासे धरून देण्याची प्रॉक्सीची अधिकृत सोयही आहे, ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, किनाऱ्याबद्दल आहे. डोकी, आतडी आणि काटे वाळूत पुरून लोक निघून जातात. दोन दिवसांत तेथे उभे राहवत नाही, आणि दुर्गंधीने अस्वले येण्याचा धोका वाढतो. सगळे अवशेष ओहोटीच्या रेषेखाली वाहत्या पाण्यात टाकावेत, म्हणजे सीगल, सील आणि भरती मिळून ते नेतात. एवढे केले तरी नगरपालिकेचे आणि आम्हा गावकऱ्यांचे निम्मे काम वाचेल.

शेवंती_अँकरेज :

आपले म्हणणे मला पटते, आणि माझ्या पहिल्या लिखाणात एक त्रुटी राहिली, हेही मान्य करते. तीस हा आमच्या घराचा आकडा आहे, सगळ्यांनी तो पाळावा असे मला म्हणायचे नव्हते. आपल्याकडे वाटायला माणसे आहेत, नदीकाठी घर आहे, कापायला जागा आणि मोठा फ्रीझर आहे, त्यामुळे आपले ५५ वाया जात नाहीत. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परतणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. माझा आग्रह एवढाच आहे की आकडा आधी, घरी बसून, हात आणि बर्फ मोजून ठरावा. पाण्यात उभे असताना, मासे आदळत असताना तो ठरवायला गेलो तर तो नेहमी वाढतो. वयस्कर माणसांसाठी मासे धरण्याचे आपण सुचवले ते उत्तम आहे. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात, यंदा त्यांना विचारीन.

सिअ‍ॅटलवासी :

आमच्या वॉशिंग्टन राज्यात माझ्यासारख्या माणसाला जाळे हातात घेऊन सॅमन धरता येत नाही, गळच वापरावा लागतो. येथे जाळी दिसतात ती प्रामुख्याने मूळ रहिवासी जमातींची, आणि त्यामागे मोठा लढा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या करारांनी त्यांना दिलेला मासेमारीचा हक्क राज्याने अनेक दशके नाकारला, त्यासाठी लोक तुरुंगात गेले, आणि अखेर १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा त्या जमातींचा असल्याचा निकाल दिला. केनायला मूळ लोकांचे स्थान काय आहे?

शेवंती_अँकरेज :

तो सगळा प्रदेश देनाइना लोकांचा आहे. नदीला ते काह्तनू म्हणतात, आणि रशियन येण्याच्या कित्येक शतके आधीपासून त्यांची गावे आणि मासे साठवायचे जमिनीतले खड्डे तिच्या काठाने होते. त्यांच्यापैकीच केनायत्झे जमात आजही आपल्या मुलांना जाळे टाकणे, कापणे आणि धुरी देणे शिकवण्यासाठी वेगळी शैक्षणिक मासेमारी चालवते. आपण आठवड्याच्या सुट्टीत जे शिकू पाहतो, ते त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, हे मी मुलांना प्रत्येक वेळी नदीवर पोहोचल्यावर सांगते.

मालवणी_मेवा :

आता स्वयंपाकाचे विचारल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात. तसेच लागते का? तिरफळ घालून कालवण जमते का?

शेवंती_अँकरेज :

रावस आणि सॅमन यांचे काहीच नाते नाही, ते नाव बाजाराने दिलेले आहे. रावस पांढऱ्या मांसाचा आणि मऊ, तर सॉकाय समुद्रात कोळंबीसारखे सूक्ष्म जीव खाऊन वाढतो, त्या जीवांतील रंगद्रव्यामुळे त्याचे मांस गडद लाल होते आणि चव तीव्र असते. नारळाच्या दाट रसात तो जड वाटतो. आमच्याकडे डोकी आणि काट्याचा भाग आमसूल, तिरफळ, हिरवी मिरची आणि अगदी थोड्या ओल्या खोबऱ्यात शिजतो, फोडणीशिवाय, कारण तेल माशाचेच पुरते. फिले हळद-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर दोन-दोन मिनिटे. गाबोळी आम्ही पहिल्याच रात्री तंबूबाहेर गॅसच्या शेगडीवर तळतो. कोणाला कच्चे खायचे असेल तर मासा आधी उणे २० अंश सेल्सिअसला निदान सात दिवस गोठवलेला असावा, कारण रानटी सॅमनमध्ये कृमी असतात. हवा काढून पिशव्या सील केल्या तर वर्षभर चव टिकते, नुसत्या पिशवीत तीन महिन्यांत तेलाला खवट वास येतो.

नवखी_अँ :

आम्ही काल रात्री परत आलो, म्हणून येथे कळवते. घरीच ठरवले होते की पहिल्या वर्षी सोळा. शुक्रवारी संध्याकाळची भरती पूर्ण रिकामी गेली, तीन तास उभे राहून एक चपटा मासा मिळाला आणि हात बधिर झाले. नवऱ्याला वाटले की परत फिरावे. शनिवारी सकाळी सहाला उतरलो तेव्हा शेजारच्या एका बाईंनी, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, दांडा कसा वळवायचा ते माझ्या मागे उभे राहून दाखवले. त्यानंतर दोन तासांत अकरा आले आणि दुपारनंतर आणखी तीन. चौदावर थांबलो, कारण तेव्हा बर्फाची एकच पिशवी उरली होती. एक किंग जाळ्यात आला होता. मुलीनेच शेपटीवरचे ठिपके ओळखले आणि आम्ही त्याला पाण्यातच सोडला.

सासऱ्यांनी जाळ्याला हात लावला नाही. मासे बर्फात गेल्यावर मात्र त्यांनी सुरी मागून घेतली, आणि चौदाच्या चौदा मासे त्यांनीच कापले, इतके स्वच्छ की काट्याला मांस राहिले नाही. ते म्हणाले की चाळीस वर्षांनी हाताला काम मिळाले.

एक विचारायचे राहिले. आमची मर्यादा अजून शिल्लक आहे, पण यंदा पुन्हा जाणार नाही. तरी परवान्याचा अहवाल आत्ताच पाठवायचा का?

शेवंती_अँकरेज :

पाठवून द्या. १५ ऑगस्ट ही शेवटची तारीख आहे, आणि एकही मासा मिळाला नसता तरी तो पाठवावाच लागला असता, कारण एकूण किती मासे धरले गेले, याचा अंदाज खाते त्यावरूनच बांधते. सोडलेला किंग नोंदीच्या रकान्यात लिहायला विसरू नका. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.